लेकरं आजीकडे, सही बापाकडे : पारडीची एक केस

केस थोडक्यात अशी की आई वारली, बाप जिवंत आहे पण इथे नाही, आणि दोन लेकरं आईच्या माहेरी आजीकडे वाढून राहिली. नागपुरात पारडीकडे, प्रजापती नगरचं मेट्रो स्टेशन संपतं तिथून पुढे. अशी घरं आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतील. लोक "आजीकडे राहते" एवढंच म्हणतात आणि विषय संपवतात. तो संपलेला नसतो हे पहिला कागद लागला की कळतं.

नावं कोणाचीच देत नाहीये. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे मुलांची ओळख उघड करता येत नाही, आणि तसा कायदा नसता तरी दिली नसती, वस्तीत कोण कोणाचं सगळ्यांना माहीत असतं. मुलीला मोठी म्हणते, मुलाला धाकटा. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील इकडचे तिकडे केलेत.

मी एका संस्थेत फील्डवर काम करते. गृहभेटी, फाईली, बाल कल्याण समितीपुढे (अशा लेकरांनी कुठे राहायचं ते ही समिती ठरवते) सोबत जाणं, बँकेत शाळेत दवाखान्यात सोबत जाणं आणि मधल्या वेळात घरच्यांचं ऐकून घेणं. आजी सुरुवातीला मला सर्वेवाली बाई समजायची, घरकुलाच्या यादीचं काय झालं तेच आधी विचारायची.

केस आली शाळेतून. मोठी बारा वर्षांची, सातवी संपवत होती. तिच्या वर्गशिक्षिकेच्या लक्षात आलं की डायरीतली वडिलांची सही दर वेळी हुबेहूब एकसारखी असते, मोठ्या माणसाची सही एवढी एकसारखी नसते हो, आणि अपार आयडीच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या ओळख क्रमांकाच्या, संमतीपत्रावरही तीच सही, त्याच निळ्या जेल पेनने. विचारलं तर पोरगी रडलीबिडली नाही, सरळ म्हणाली मीच करते, पप्पा नाहीयेत न, आणि आजीला लिहिता येत नाही. बाईंनी आरडाओरडा न करता आम्हाला फोन केला. बरं झालं, कारण या घरात नेमकं काय अडलंय ते पोरीने त्या एका वाक्यात सांगूनच टाकलं होतं.

घर

दोन खोल्या, टिनाचं छत. आजी एकसष्टची. तिचा मुलगा, म्हणजे लेकरांचा मामा, मेट्रो स्टेशन ते वस्ती ई-रिक्षा चालवतो. मामी घरीच असते, त्यांचं स्वतःचं एक चार वर्षांचं पोट्टं. आणि ही दोघं, मोठी आणि साडेपाच वर्षांचा धाकटा. घर मामाच्या नावावर, रेशनकार्ड एकच.

मुलांची आई सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, पेशंट होती. आपल्या विदर्भात हा आजार कोणाला नवा नाही पण घरात बोलत नाहीत, "तिच्या अंगात रक्त कमी होतं" असंच सांगतात. ती जानेवारीत गेली. बाप सेंट्रिंगच्या कामावर, तेरवीपर्यंत थांबला आणि मग रायपूरकडे साईटवर गेला तो गेलाच. तिकडे त्याचं दुसरं घर झालंय हे सगळ्यांना माहीत, मोठीलाही, फक्त तिच्यासमोर बोलायचं नाही एवढंच.

आजी कळमन्याकडे मिरचीच्या गोदामात देठ खुडायला जाते, किलोवर मजुरी. संध्याकाळी येते, साबणाने हात धुते, तेल चोळते, परत धुते, तरी बोटांची आग जात नाही. त्यामुळे धाकट्याचं तोंड धुणं, नाक पुसणं, डोळ्यात कचरा गेला तर काढणं हे सगळं मोठीच करते. आजी नातवाला जवळ घेते तेही हात लांब धरून, नुसत्या कोपरांनी. पोरगं तसंच तिच्या कुशीत शिरतं, त्याला सवय झालीय.

त्याच बोटांमुळे आजीचा अंगठाही लागत नाही. आधी लोकांकडची धुणीभांडी, मग मिरची, रेषा झिजून गेल्या. रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही म्हणून दर महिन्याला मामाच जातो. म्हणजे या बाईला सही येत नाही, अंगठा मशीन घेत नाही, आणि दोन लेकरांची सगळी जबाबदारी तिच्यावर. (आधार केंद्रावर नेऊन बोटं आणि डोळे दोन्ही परत अपडेट करून घेतले, आता निदान डोळ्यावर काम भागतं. या कामात असणाऱ्यांनी म्हाताऱ्या माणसाची केस घेतली की आधी हेच उरकून घ्यावं, पुढच्या चकरा वाचतात.)

मामीबद्दल पहिल्या भेटीत मला काहीच कळलं नव्हतं, ती पाणी देऊन आत गेली. मग एकदा सकाळी लवकर गेले, आजी कामावर निघून गेली होती, तेव्हा दिसलं. तिन्ही लेकरांचे डबे, धाकट्याची आंघोळ, मोठीची वेणी, पाण्याच्या टाक्या भरणं, मग धाकट्याला अंगणवाडीत सोडून येणं. लाडकी बहीणचे दीड हजार येतात त्यातले निम्मे धाकट्याच्या दवाखान्याच्या येण्याजाण्यात जातात, हे तिने मी न विचारता सांगितलं आणि लगेच म्हणाली, "मी काई मोजून नाही राहिली ताई, पण कोणी विचारत नाही न. सगळे म्हणते आजी करते. करते न आजी, पण सकाळी आजी असते काय घरी?"

माझ्या मते या केसचा गाभा इथेच आहे. कायद्याने पालक बाप, तो रायपुरात. अर्जावर पालक आजी, ती दिवसभर गोदामात. आणि लेकरांना जेवायला घालणारी बाई कुठल्याच कागदावर नाही. आमच्यासारखे लोक घरात जातात तेव्हा बहुतेक वेळा अर्जावर जिचं नाव तिच्याशीच बोलून येतात.

सही

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ प्रमाणे मुलांचा नैसर्गिक पालक बाप, त्याच्यानंतर आई. आजी त्यात नाही, मामा नाही. आई गेली तरी बाप जिवंत आहे तोवर कागदावर पालक तोच, मग तो पैसे देवो न देवो, फोन उचलो न उचलो. आजीला कायदेशीर पालक व्हायचं तर पालक व पाल्य कायदा १८९० खाली कोर्टात अर्ज करावा लागतो, वकील आला, तारखा आल्या.

बाप मेला असता तर कागद सोपे झाले असते, असं मोठीच्या तोंडून एकदा निघालं. म्हणाली, "मग निदान सर्टिफिकेट तरी असतं." बारा वर्षांच्या पोरीला हे हिशेब कळायला लागलेत. पण कोरडेपणाने पाहिलं तर ती चूक नव्हती. अनाथ प्रमाणपत्र, २०१८ पासून राज्यात असलेलं अनाथांचं १ टक्का आरक्षण, यातलं काहीही या दोघांना लागू नाही, कारण बाप आहे.

अडकत काय होतं ते सांगते. धाकट्याच्या जन्म दाखल्यावर नावच नव्हतं. दवाखान्यात जन्म झाला, नोंद झाली, नावाचा रकाना रिकामा, बारसं नंतर झालं आणि दाखल्याकडे कोणी पाहिलं नाही. असे दाखले ढिगाने असतात. नाव पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं, पण अर्ज आईबापाचा मागतात. पहिलीच्या प्रवेशाला तोच दाखला मागितला. इथे शिक्षण हक्क कायदा कामाला आला, कलम १४ सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मुख्याध्यापकांना छापील कलम दाखवलं, आवाज न चढवता, त्यांनी घेतलं. शिवाय आपल्याकडे शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटाला उघडतात, तेवढे दिवस हाती होते.

बँकेत वेगळीच गंमत. योजनेचे पैसे यायला खातं हवं. एका शाखेत आजीला सांगितलं की तुम्ही पालक नाही, पालकाला आणा. खरं म्हणजे दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीने बचत खातं उघडता येतं, रिझर्व्ह बँकेने तशी मुभा दिलीय, बँक आपल्या मर्यादा घालते एवढंच. मग मोठीला घेऊन दुसऱ्या शाखेत गेलो. सहीचा नमुना मागितला तर तिने तो कागद जवळ ओढला आणि स्वतःचं पूर्ण नाव इतक्या सराईतपणे लिहिलं की काउंटरवरचे साहेब म्हणाले, वा, सही पक्की आहे हो पोरीची. मी आणि ती एकमेकींकडे पाहून गप्प बसलो. धाकट्याचं खातं मात्र समितीचा आदेश येईपर्यंत थांबलं.

एवढ्या सगळ्यात अडलं नाही ते फक्त दवाखान्यात. मे महिन्यात धाकट्याला ताप आणि हातापायाच्या असह्य दुखण्याने भरती करावं लागलं, तिथे आजीचा शाईचा अंगठा चालला, कोणी पालकत्वाचा कागद मागितला नाही, आधी सलाईन लावलं.

समिती

आजी बाल कल्याण समितीपुढे जायला तयारच नव्हती. "तिथं नेलं का लेकरं होस्टेलात टाकते म्हणे. माह्या पोरीचे लेकरं हाय, मी काऊन नेऊ?" ही भीती खोटी नाही, वस्तीत कोणाचं तरी पोरगं बालगृहात गेल्याची गोष्ट असतेच. मी तिला पटवत बसले नाही. कायद्याच्या कलम ३ मध्ये संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असं लिहिलंय, समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात एक तरी बाई असतेच, कोण कुठे बसेल, काय काय विचारतील, आणि मोठीला आत एकटीला बोलावतील हे आधीच सांगून ठेवलं. काय बोलायचं ते मात्र शिकवत नाही, कोणालाच नाही. शिकवलेलं लगेच ओळखू येतं आणि मग खरं बोललेलंही संशयात येतं.

मोठी आत काय बोलली ते समितीनेच नंतर आम्हाला सांगितलं. इथेच राहायचंय म्हणाली. आणि रात्रीची भांडी रोज माझ्याकडे नकोत म्हणाली, अभ्यास होत नाही. मामीला हे बाहेर कळलं तेव्हा तिचं तोंड उतरलं. परत येताना ऑटोत कोणी बोललं नाही. मी मध्ये पडले नाही, दोघींचंही बरोबर होतं. दोन दिवसांनी मामीचाच फोन, "ताई, तिला सांगा भांडी एक दिवसाआड. मी बी थकतो न." आपल्याकडे बाया असंच बोलतात, मी थकतो, मी करतो.

समितीने कलम ३७ खाली दोन्ही मुलं आजीकडे योग्य व्यक्ती म्हणून ठेवायचा आदेश दिला. याने आजी कायद्याची पालक होत नाही, हे घरच्यांना नीट समजावून सांगावं लागतं नाहीतर पुढे फसवल्यासारखं वाटतं. पण शाळा, बँक, दाखले, योजना इथे दाखवायला शिक्क्याचा एक कागद हातात येतो. आजीने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तांदळाच्या डब्यात ठेवला. तीन झेरॉक्स काढून मामीकडे दिल्या, कारण डबा उघडणारी तीच.

पैसे

दोन दरवाजे होते. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधली प्रायोजकत्व योजना, महिना ४,००० एका मुलामागे, पण शहरात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९६,००० च्या आत हवं. आणि राज्याची क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, महिना २,२५०. एकाच लेकराला दोन्ही मिळत नाही. ९६ हजार वर्षाला म्हणजे महिन्याचे आठ हजार, मामाच्या रिक्षाचं आणि आजीच्या मजुरीचं मिळून त्याच्या वर जात होतं. श्रावणबाळला आजीचं वय ६५ हवं, ते नाही. संजय गांधी निराधारला २१ हजाराची उत्पन्न मर्यादा, तेही नाही.

शेजारच्या एका हुशार माणसाने सल्ला दिला की रेशनकार्ड फोडा, आजी आणि दोन लेकरं वेगळी दाखवा, उत्पन्न आपोआप कमी दिसेल. असा सल्ला सगळीकडे मिळतो आणि देणाऱ्याला त्यात काही वाटत नाही. हिशेब केला तर दोन मुलांमागे महिन्याला साडेतीन हजाराचा फरक, या घरात ही रक्कम लहान नाही, मला माहीत आहे. पण एका चुलीवर जेवणारी माणसं कागदावर वेगळी दाखवणं म्हणजे खोटं लिहून देणं, ते मी अहवालात लिहिणार नाही हे मी स्पष्ट सांगितलं. आणि दुसरं म्हणजे मामी. जी बाई रोज या लेकरांचं करते तिलाच कागदावर परकी करायचं आणि मग उद्या तिनेच करावं अशी अपेक्षा धरायची. निर्णय आजीचा होता, ती म्हणाली, "नको बाप्पा, सुनेले वाटन का बुढीनं चूल वेगळी केली."

तर बालसंगोपनची फाईल केली. मृत्यूचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, आधार, पासबुक आणि तो एक प्रसिद्ध फोटो, घरासमोर पालक आणि लेकरं उभी. मृत्यूच्या दाखल्यावर आईचं सासरचं नाव, मोठीच्या शाळेच्या रजिस्टरला माहेरचं, ते प्रतिज्ञापत्राने जुळवलं. फोटो मामीने काढला, तिच्याच मोबाईलवर. काढता काढता विचारलं, "ताई, मी बी उभी राहू का यात?" मी म्हटलं राहा की. दोन फोटो काढले. अर्जाला आजीचा लावला, दुसरा गृहभेटीच्या अहवालाला जोडला आणि खाली दोन ओळी लिहिल्या की सकाळी आणि दुपारी मुलांची प्रत्यक्ष काळजी मामी घेते. या दोन ओळी लिहायला फॉर्ममध्ये रकाना नाही, समासात लिहाव्या लागल्या. पण उद्या आजी आजारी पडली तर मुलं कुठे असं कोणी विचारलं की फाईलमध्ये उत्तर असेल.

पहिले पैसे आले तेच काही महिन्यांचे एकदम आले आणि घरात भांडण लागलं. आजीचं म्हणणं हे लेकरांचे पैसे, लेकरांच्याच नावाने ठेवायचे, हात लावायचा नाही. मामी म्हणे मग पीठ, तेल, सिलिंडर कोणाचे? मामा रिक्षा घेऊन बाहेर निघून गेला, पुरुष असे वेळेवर निघून जातात. मी त्या दिवशी काही सोडवलं नाही. नंतर सगळे घरी असताना बसलो, मोठीलाही बसवलं, आणि वहीत मांडलं: धाकट्याची औषधं आणि जाणंयेणं आधी, मग दोघांच्या शाळेचं, मग किराण्यात दोन लेकरांचा वाटा मामीच्या हातात, उरेल ते खात्यात. मामीचा वाटा हा उपकार नाही आणि पगारही नाही, लेकरं जिथे जेवतात तिथला खर्च आहे, हे आजीला पटायला वेळ लागला. वही मोठी लिहिते. हिशेबात पक्की आहे, मामीला आठ रुपये जास्त गेले तर तेही दाखवते.

रक्त

धाकट्याच्या त्या भरतीनंतर दोन्ही मुलांची सिकलसेलची तपासणी झाली, आधी सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी, मग नक्की करणारी एचपीएलसी. आई एसएस होती, म्हणजे आजाराचा 'एस' जनुक तिच्यात आईबाप दोघांकडून आलेला, म्हणजे दोन्ही मुलांत तिच्याकडून एक एस येणारच, निदान वाहक तर असणारच. मोठी वाहक निघाली, एएस, म्हणजे एकच एस. धाकटा एसएस, म्हणजे आजारीच. म्हणजे त्याला दुसरा एस बापाकडून आला, म्हणजे बापही किमान वाहक.

आता हा मुद्दा दवाखान्याच्या कागदावर एका ओळीत संपतो पण आमच्यासाठी तिथून केसच फिरली. बापाचं तिकडे दुसरं घर, ती बाई गरोदर असल्याचं कानावर आलेलं. तिची तपासणी व्हायला हवी, आणि ते बापाला कोणीतरी सांगायला हवं. आधी आजीला विचारलं. ती तोडून बोलली, मग म्हणाली, "सांगा. त्या पोरीचं काय चुकलं."

बापाने अनोळखी नंबर म्हणून फोन उचलला. संस्थेचं नाव ऐकल्यावर आवाज चढला, पैसे नाहीत माझ्याकडे, हे पहिलं वाक्य. मी म्हटलं पैशासाठी नाही केला, तुमच्या रक्ताच्या तपासणीसाठी केलाय. समजावून सांगितलं, दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस व्हायची शक्यता चारात एक. बराच वेळ त्यालाच प्रश्न विचारू दिले. शेवटी त्यानेच विचारलं, लहान्याला किती त्रास होते. त्यानंतर त्याने तपासणी केली, तो एएस, ती नॉर्मल, म्हणजे येणारं बाळ फार तर वाहक असेल. महिनाभराने त्याने मुलं आजीकडे राहायला आपली हरकत नाही असं लिहून, आधारची झेरॉक्स जोडून पाठवलं. धाकट्याचं नाव जन्म दाखल्यावर त्याच कागदावर चढलं.

आमच्या कामात बापाला शिव्या देणं सोपं असतं आणि घरच्यांना ते आवडतंही. पण याच्याशी तोडलं असतं तर हा कागद आला नसता. आता तो कधीमधी रविवारी मोठीला फोन करतो. ती कधी उचलते कधी नाही, तिच्यावर सोडलंय.

धाकट्याला हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिडची गोळी चालू आहे. शाळेला चिठ्ठी दिली की पाण्याची बाटली बाकावर राहू द्या, लघवीला सोडा, उन्हात उभं करू नका, ताप आला तर वाट न पाहता मामीला फोन करा. चिठ्ठीत फोन नंबर मामीचा आहे, मुद्दाम. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये सिकलसेल आहे, त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्जही टाकलाय.

काका

पोळ्याच्या सुमारास बापाचा मोठा भाऊ उमरेडकडच्या गावाहून आला. धाकट्यासाठी तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी घेऊन, चाकांचा, रंग अजून ओला. आणि जेवण झाल्यावर विषय काढला की पोट्टी आमच्या घरची आहे, मोठी होऊन राहिली, आता तिला गावी पाठवा, लग्नाचं वगैरे आमालेच पाहा लागते. आजीचा जीव खाली-वर. मामीने मला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

मी काकांना दादा म्हणाले आणि तीन गोष्टी सांगितल्या. समितीचा आदेश आहे, मुलं इथेच राहतील. तुम्हाला वेगळं वाटत असेल तर समितीपुढे अर्ज करा, तुमचा तो हक्क आहे. आणि लग्नाचं अठराच्या आत कोणीच पाहायचं नाही, तो गुन्हा आहे. मग लगेच विचारलं की बापाची शाळेची टीसी तुमच्याकडे आहे न? कारण जातीचा दाखला बापाच्या घराण्याकडून येतो. हे घर ओबीसीतलं, म्हणजे १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागणार, आजोबाचं शाळेचं रजिस्टर नाहीतर कोतवाल बुकाची (गावातल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल, आणि हे सगळं गावात. मोठीच्या पुढच्या शिक्षणाला त्याच्याशिवाय कठीण आहे. काकाला वाटलं होतं त्याला हाकलतील, उलट त्याला काम दिलं. टीसीची झेरॉक्स आणली त्याने, आजोबाचा पुरावा अजून आणून राहिला. आणेल असं वाटतं, माणूस हट्टी आहे पण वाईट नाही.

सध्या इथवर आहे. मोठी आठवीत. धाकट्याला पावसाळ्यात एकदा दुखण्याची क्रायसिस आली, घरीच सावरली, पाणी, गोळी आणि शेक. कोर्टातला पालकत्वाचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील घेऊन टाकायचा आहे. तिथे प्रश्न आला की अर्जदार फक्त आजी की मामा-मामीही. आजी एकसष्टची, धाकटा सहाचा, तो अठराचा होईल तेव्हा ती त्र्याहत्तरची असेल, हा हिशेब तिने स्वतःच बोटांवर मोजून सांगितला.

मामीचं नाव टाकायला आजी तयार आहे. मामीने विचारलं, "माहं नाव आलं तं मले बी कोर्टात बोलवतील न? तिथं मी सांगितलं का मले बी दोन दिवस माहेरी जाऊ द्या, तं चालन काय?" मी म्हटलं कोर्टात कशाला, ते आत्ताच वहीत लिहू. मामाचं अजून नक्की नाही, त्याला वाटतं सही केली की उद्या बाप सगळा खर्च आपल्यावर टाकून मोकळा होईल. ही भीती वकिलासमोरच काढायची आहे, त्यामुळे येत्या रविवारी दुपारी त्याला रिक्षा चार्जिंगला लावून घरी थांबायला सांगितलंय.